क्लॅडोग्रामची तीन झाडं, तिन्ही १० स्टेप्सची. बरोबर कोणतं?

एसवाय_झूलॉजी

प्रॅक्टिकलला सहा प्राण्यांचा क्लॅडोग्राम (नात्यांचं झाड) हाताने काढायचा आहे. शार्क हा आउटग्रुप (तुलनेसाठी बाहेरचा प्राणी) दिलाय. तक्त्यात १ म्हणजे लक्षण आहे, ० म्हणजे नाही. लक्षणांचा क्रम: चार पाय (पंखही धरले), अ‍ॅम्निऑन (गर्भाभोवतीचं आवरण), कानशिलाला दोन छिद्रं, पेषणी (अन्न दळणारं जठर), चार कप्प्यांचं हृदय, उष्ण रक्त, केस, पिसं.

शार्क ००००००००
बेडूक १०००००००
सरडा १११०००००
मगर १११११०००
कबूतर ११११११०१
उंदीर ११००१११०

पहिल्या झाडात मगर-कबूतर जोडी, तिच्या बाहेर सरडा, त्याच्या बाहेर उंदीर. दुसऱ्यात उंदीर-कबूतर जोडी, बाहेर मगर, मग सरडा. तिसऱ्यात मगर-कबूतर जोडीच, पण तिच्या लगेच बाहेर उंदीर आणि त्याच्या बाहेर सरडा. स्टेप्स, म्हणजे लक्षणं एकूण किती वेळा आली-गेली ते, मोजल्यावर तिन्ही १० च येतात; सर्वांत कमी स्टेप्सचं झाड घ्यायचं असतं. जर्नलमध्ये कोणतं काढू? आणि मगर कबुतराजवळ गेली तर सिलॅबसमधल्या रेप्टिलिया (सरपटणारे प्राणी) वर्गाचं काय?

मणका३३

मोजणी बरोबर आहे. शार्क बाहेर ठेवल्यावर उरलेल्या पाच प्राण्यांची १०५ झाडं होतात, त्यातली हीच तीन सर्वांत कमी स्टेप्सची. घोळ तक्त्यात आहे. केस फक्त उंदराला, पिसं फक्त कबुतराला. अशी लक्षणं कोणत्याही झाडात एकेकच स्टेप घेतात, म्हणजे झाडं निवडायला त्यांचा उपयोग शून्य. चार पाय आणि अ‍ॅम्निऑन बेडकाची जागा ठरवतात, पुढे नाही. सरडा, मगर, कबूतर आणि उंदीर यांचा निकाल उरलेल्या चार लक्षणांवर लागतो, आणि त्यातली दोन, हृदय आणि उष्ण रक्त, एकमेकांत गुंतलेली आहेत. शरीर गरम ठेवायला भरपूर ऑक्सिजन लागतो, त्यासाठी शुद्ध-अशुद्ध रक्त वेगळं ठेवणारं हृदय लागतं. एकाच गरजेला दोन मतं मिळाली.

म्हणून उष्ण रक्त खोडून टाकावं असं वाटेल, पण त्याने सुटत नाही: पहिलं आणि तिसरं झाड ८-८ वर अडकतात. शिवाय नकोसा निकाल देतं म्हणून लक्षण खोडणं ही पद्धतच चुकीची. नवीन लक्षण घाला. बीटा-केराटिन (खवले-पिसांतलं एक प्रथिन) घ्या: सरड्याचे खवले, मगरीची ढाल, कबुतराची पिसं, चोच आणि नख्या, सगळ्यांत ते असतं. उंदराच्या केसा-नखांत फक्त अल्फा-केराटिन. शार्क, बेडूक, उंदीर ०, बाकी १. आता पहिलं झाड ११, दुसरं १२, तिसरंही १२. पहिलं काढा.

‘चार कप्पे’ हे लक्षण किती ढोबळ आहे ते डिसेक्शनच्या आकृत्यांत दिसेल. पक्ष्यात महाधमनीची कमान उजवीकडून जाते, सस्तन प्राण्यात डावीकडून. मगरीत दोन्ही कमानी आहेत, डावी उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) निघते आणि दोघींना पनिझाचं छिद्र जोडतं. एकाच पूर्वजाकडून आलेलं हृदय असतं तर पक्षी आणि उंदीर यांच्या कमानी अशा उलट्या बाजूंना नसत्या. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) हे सांगा, परीक्षक नक्की थांबून ऐकतील.

कवटीवाला

तिसऱ्या लक्षणाबद्दल. कॉलेजच्या कपाटातली सरड्याची कवटी हातात घेतली तर दोन छिद्रं मोजता येणार नाहीत. खालच्या छिद्राची खालची हाडाची पट्टी सरड्यांत गळालेली असते, त्यामुळे तिथे बंद छिद्र न दिसता उघडी खाच दिसते. कबुतरात वरची पट्टी गेली आहे आणि सगळं डोळ्याच्या खोबणीला मिळालं आहे. बरेच जण इथे ० टाकतात आणि मग या लक्षणात सरडा आणि कबूतर उंदरासारखेच दिसतात. दोन्ही पट्ट्या शाबूत पाहायच्या तर मगरीची कवटी बघा, किंवा न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याची आकृती.

डोळ्यापुढचं छिद्र हे मगर-पक्षी गटाचं लक्षण म्हणून पुस्तकात येतं, पण आजच्या मगरींत ते बुजलेलं आहे. जीवाश्म तक्त्यात असतील तरच वापरा.

मणका३३

रेप्टिलियाचं: सरडा आणि मगर यांच्या सामाईक पूर्वजाचा एक वंशज कबूतर आहे. त्याला वगळून केलेला गट अर्धवट राहतो, पॅराफायलेटिक. विली हेनिगने १९५० मध्ये मांडलेला नियम तोच: गटात पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज हवेत. उत्तरपत्रिकेत सिलॅबसचा वर्ग लिहा आणि खाली एक ओळ जोडा की पक्षी धरल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. गुण कापले जात नाहीत.

काढताना दोन गोष्टी. लक्षण ज्या फांदीवर आलं तिथे आडवी रेघ मारून नाव लिहा. हृदय आणि उष्ण रक्त यांच्या दोन-दोन रेघा आल्या पाहिजेत. आणि टोकांचा डावा-उजवा क्रम बघून कोण ‘प्रगत’ हे ठरवू नका, कोणताही सांधा फिरवला तरी झाड तेच राहतं. पडताळायला मेस्क्वाइट हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. फांदी ओढली की स्टेप्सचा आकडा लगेच बदलतो.

एसवाय_झूलॉजी

धन्यवाद दोघांनाही. सरांनी सातवा प्राणी आपल्या मनाने घालायला सांगितलाय. कासव चालेल?

कवटीवाला

चालेल, पण निकाल आधीच ओळखून ठेवा. कासवाच्या कानशिलाला छिद्रच नाही, तिथे ०, बीटा-केराटिन १, पेषणी, चार कप्पे, उष्ण रक्त ०. तक्ता त्याला सरडा-मगर-कबूतर या तिघांच्या बाहेर बसवेल, एकही जादा स्टेप न घेता. डीएनएवरून मात्र कासव मगर-पक्ष्यांच्या जवळचं ठरतं, म्हणजे छिद्रं होती आणि बुजली. जर्मनीत सापडलेल्या, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या पॅपोकेलिस या कासवाच्या नातलगाच्या कवटीत दोन छिद्रं आहेत. त्याचं वर्णन २०१५ मध्ये आलं. दोन्ही झाडं शेजारी-शेजारी काढा आणि छिद्र गेल्याची रेघ दुसऱ्यावर कासवाच्या फांदीवर मारा.