फी भरली, तरी नोंदणी ‘प्रलंबित’ का?

प्रश्न: नव्या सत्राची फी खात्यातून वजा झाली, पण पोर्टलवर विषयनोंदणी अजून ‘प्रलंबित’च दिसते. मुदत शुक्रवारी संपतेय. काय करू?

उत्तर १: फी भरणं आणि विषय नोंदवणं या सहसा दोन वेगळ्या पायऱ्या असतात. आधी ‘होल्ड’ (काही बाकी असल्याने नोंदणीला घातलेली अडवणूक) आहे का बघा: ग्रंथालयाचा दंड, न दिलेली मूळ गुणपत्रिका. तो उठेपर्यंत निवडलेले विषय पक्के होत नाहीत.

उत्तर २: होल्ड नसेल तर व्यवहार क्रमांक आणि पावती जोडून लेखा विभागाला आजच मेल टाका. घाबरून पुन्हा पैसे मात्र भरू नका, परतावा रेंगाळतो.

उत्तर ३: जाता जाता, विषय बदलायची आणि विषय सोडायची मुदत वेगळी असते. बदलायच्या मुदतीच्या आत काढलेला विषय बहुधा गुणपत्रिकेवर येत नाही. नंतर सोडला तर शेरा राहतो, फीही बहुतेकदा बुडते.