प्रत्येक बंदोबस्ताला सीआरपीएफ कशासाठी?

रामबागकर:
परवा मध्य प्रदेशातल्या नीमचला जाऊन आलो. सीआरपीएफ, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, २७ जुलै १९३९ ला तिथेच उभं राहिलं, ‘क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस’ या नावानं. संस्थानांतली प्रजा हक्क मागू लागली होती, चळवळी वाढत होत्या आणि इंग्रजांना आपल्या हुकमातलं पोलीस दल हवं होतं. १९४९ च्या कायद्यानं ते सीआरपीएफ झालं.

घटनेप्रमाणे पोलीस हा राज्यांचा विषय आहे. तरी निवडणूक आली, दंगल झाली, की राज्यं केंद्राकडे या दलाच्या कंपन्या, म्हणजे जवानांच्या तुकड्या, मागतात आणि इकडे शिपायांची भरती वर्षानुवर्षं रखडते. हे दल अडीअडचणीला धावून येणारं असावं, रोजच्या कामाला जुंपू नये.

लोकमान्यनगर:
काका, मुळीच पटलं नाही. सरदार पटेलांनी हे दल मोडलं नाही. १९ मार्च १९५० ला नीमचलाच त्याला ध्वज दिला. बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) जन्मायच्या आधी सीमेवर हेच जवान होते. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात दहा जण गेले, म्हणून तो दिवस पोलीस स्मृतिदिन. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या सरदार पोस्टवर दुसऱ्या बटालियनच्या मूठभर जवानांनी पाकिस्तानी सैन्याला थोपवलं.

आणि मतदान केंद्रावर गावचाच शिपाई उभा असला तर दुबळ्या माणसाला धीर कसा यावा? दंगलीतही तेच. कोणाच्या गोतातला नसलेला माणूस लागतोच.

एका जवानाची बहीण:
माझा भाऊ या दलात आहे. निवडणुकीच्या दिवसांत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, मुक्काम शाळेच्या वर्गात. भाऊबीजेला मी त्याला फोनवरच ओवाळते. त्याची तक्रार नाही, पण काकांचं म्हणणं मला पटतं.

परका माणूस सगळीकडे चालत नाही, दादा. ६ एप्रिल २०१० ला छत्तीसगडच्या बस्तर भागात ताडमेटलाला माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जण गेले. जंगल, वाटा, गोंडी बोली ठाऊक असलेली माणसं तिथे हवीत. पुढे २०१७ मध्ये स्थानिक तरुणांची बस्तरिया बटालियन उभी केली, ते उगाच नाही.

लोकमान्यनगर:
ताई, बस्तरबद्दल मान्य. पण ती बटालियनही सीआरपीएफचीच ना? मतदान केंद्राबद्दल मी मागे हटणार नाही.

रामबागकर:
निःपक्ष माणूस हवा, हे खरंच. पण आपला शिपाई पुढाऱ्याच्या दबावाखाली राहतो, त्यावरचा उपाय सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच सांगितला आहे: राज्य सुरक्षा आयोग, पोलीस प्रमुखाला पदावर किमान दोन वर्षं. ते मनापासून राबवा, मग किती कंपन्या मागाव्या लागतात ते मोजू.