संस्थेचं सिक्युरिटी धोरण बदलायचंय, मंजुरी कशी घ्यावी?

कोथरूडकर: पुण्यातली आमची छोटी ओपन सोर्स संस्था. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) 14 रेपो (प्रकल्पांचे कोडसाठे), पाच मेंटेनर (ते सांभाळणारे), सगळे नोकरी सांभाळून. कोडमधली सुरक्षेची त्रुटी कुठे कळवायची ते सांगणाऱ्या धोरणात अजून संस्था सोडलेल्या सहकाऱ्याचा ईमेल आहे आणि वर "24 तासांत उत्तर देऊ" असं लिहिलंय. नवा मसुदा सगळीकडे लागू कसा करावा? मंजुरी कुणाची घ्यावी? शनिवारी डेक्कनला बैठक आहे.

औंधवाला: 14 ठिकाणी फाइल टाकत बसू नका. संस्थेत 'डॉट गिटहब' नावाचा एक रेपो करा, तो पब्लिकच हवा, आणि सिक्युरिटी डॉट एमडी (धोरणाची फाइल) त्यात ठेवा. ज्या रेपोत स्वतःची फाइल नाही तिथे हीच दिसते. गोची इथेच होते: एखाद्या रेपोच्या रूटमध्ये (सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये) किंवा डॉक्स फोल्डरमध्ये जुनी फाइल पडून असेल, तर तिथे जुनंच धोरण दिसत राहतं. आधी त्या शोधून काढून टाका.

ईमेलऐवजी प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग (गिटहबवरच त्रुटी खासगीत कळवायची सोय) वापरा. फाइलमध्ये लिहिलं म्हणून ते सुरू होत नाही, सेटिंग्जमधून चालू करावं लागतं. मग संस्थेबाहेरच्या खात्यावरून प्रत्येक रेपोच्या सिक्युरिटी टॅबमध्ये रिपोर्टचं बटण दिसतंय का ते बघा. वेबसाइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी (त्रुटी कुठे कळवायची ते सांगणारी फाइल) असेल तर तिथला पत्ताही बदला. आरएफसी 9116 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे त्यात 'काँटॅक्ट' आणि 'एक्स्पायर्स' या दोन ओळी लागतातच. मुदत उलटून गेलेली फाइल सर्रास सापडते.

सिंहगड रोड: मंजुरीचं सांगतो. एकच मोठा पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) केलात तर चर्चा शब्दांवर घसरते आणि मुदतींकडे कुणी बघत नाही. दोन करा. पहिला पत्ता आणि भाषेचा, तो दोन दिवसांत मर्ज होईल (मूळ फाइलमध्ये जाईल). दुसरा फक्त वचनांचा, सात दिवस उघडा ठेवा. मजकूर एवढाच पुरे:

"पोच 3 कामाच्या दिवसांत. प्राथमिक निष्कर्ष 10 दिवसांत. दुरुस्ती आली की, किंवा 90 दिवसांनी, माहिती जाहीर."

स्वयंसेवकांच्या जिवावर 24 तास कबूल करू नका. गणपतीच्या दहा दिवसांत रिपोर्ट आला तर बघणार कोण? म्हणूनच या दुसऱ्याला 'मौनं संमतिलक्षणम्' चालणार नाही. रिपोर्ट हाताळणाऱ्या प्रत्येकाने स्वतः अप्रूव्ह केलं पाहिजे.

'डॉट गिटहब' रेपोतच कोडओनर्स फाइल (कुठला बदल कुणी तपासायचा त्यांची नावं) ठेवा, पण तिच्यात नाव असलेल्यांना राइट अ‍ॅक्सेस (बदल करायचा हक्क) द्या, नाहीतर त्या नावांना काही अर्थ उरत नाही. स्वतःचा पुल रिक्वेस्ट स्वतःला अप्रूव्ह करता येत नाही, त्यामुळे किमान तीन नावं हवीत. ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (बदल मर्ज करण्याआधीच्या अटींची सेटिंग्ज) कोडओनर्सचा रिव्ह्यू सक्तीचा करा, आणि नवी कमिट (नवा नोंदवलेला बदल) आली की जुनी मंजुरी रद्द होईल ते सेटिंगही लावा. ते नसेल तर मंजुरीनंतर 90 चे 30 झालेले कुणाच्या लक्षात येणार नाही.

कोथरूडकर: आभार! सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 6 तासांचा नियम यात घालावा का?

औंधवाला: नको. 28 एप्रिल 2022 चे ते निर्देश सायबर घटना कळवण्याबद्दल आहेत, म्हणजे सर्व्हरमध्ये घुसखोरी वगैरे. कुणी कोडमधली त्रुटी कळवली तर ती अशी घटना होत नाही. तुमचा सर्व्हर असेल तर वेगळं पान करा, आणि संस्थेला ते लागू होतात का ते वकिलाला विचारून घ्या.