चर्चा: खड्डा खणणाऱ्याने जास्त पैसे मागितले म्हणजे तो मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो का?

कल्याणी_उदगीर
काल दुसऱ्या धाग्यावर रोखठोक यांनी लिहिलं की त्यांच्या काकांच्या मातीला खड्डेवाल्याने ठरलेल्या पंधराशेवर आणखी हजार मागितले, तेही मयत दारात असताना, आणि हे लोक मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे. खाली सगळ्यांनी हो ला हो केलं. मला रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

माझे अप्पा गेले त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. आम्ही लिंगायत, बसवून पुरतो. म्हणजे नुसता लांबट चर काढून भागत नाही, माणूस मांडी घालून बसेल एवढी खोली लागते आणि आत एका बाजूला कोनाडा. आमची जमीन काळी, त्यात चार दिवसांची झड. खड्डा खणायला येणारे मामा (नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही) आणि त्यांचा मुलगा पहाटे पाचला लागले. दोनदा कड धसली, दुसऱ्यांदा मुलगा कमरेपर्यंत गाडला गेला, आम्ही ओढून काढला. मग खाली मुरूम लागला, तिथून पुढे नुसता टिकाव. मला घरात बसवेना म्हणून मी छत्री घेऊन कडेला उभी होते, सगळं बघितलंय. दुपारी एकला ते वर आले तेव्हा तळहातांची कातडी पांढरी पडून सुटली होती. आणि अप्पांना खाली कोणी घेतलं? मामांनीच. वरून भाऊ देत होता, त्याचे हात लटलट कापत होते, खालून मामा म्हणाले, “सोड अण्णा, धरलंय मी.”

डाव्या हातात इष्टलिंग दिलं, विभूती, बेलाची पानं, मीठ, सगळं झालं. जंगमांना, म्हणजे आमच्या पुरोहितांना, धोतर, दक्षिणा, कोणी हूं की चूं केलं नाही. मामांशी मात्र आमचे चुलते दोनशे रुपयांसाठी घासाघीस करत होते. पहिल्या मोठ्या पावसात माती खचली ती मामांनी न सांगता येऊन भरली, आम्हाला महिन्याने कळलं. आता सांगा लोणी कोणी खाल्लं.

रोखठोक_सांगलीकर
ताई, तुमच्या अप्पांबद्दल वाईट वाटलं, पण माझं म्हणणं वळवू नका. मी पैशाबद्दल बोललोच नाही, वेळेबद्दल बोललो. काकू आत टाहो फोडतेय, दारात तिरडी सजतेय, आणि हा माणूस मला बाजूला घेऊन म्हणतो दगड लागलाय, हजार वाढवा, नाहीतर बघा. हे “नाहीतर बघा” माझ्या डोक्यात गेलंय. आदल्या रात्री ठरवताना का नाही बोलला? मीही सेंट्रिंगच्या कामावर चार माणसं ठेवतो, मजुरी बुडवली नाही कुणाची.

कल्याणी_उदगीर
दगड आदल्या रात्री दिसतो का हो? खणल्यावरच लागतो ना? तुमच्या साइटवर पाया काढताना पाषाण लागला तर तुम्ही एक्स्ट्रा लावत नाही मालकाला? खरं सांगा.

दापोलीवाला
पैशावरून भांडताय तर माझं ऐका. ३० मार्च २०२० ला मुंबई पालिकेने परिपत्रक काढलं की कोरोनाने गेलेला कुठल्याही धर्माचा असो, जाळायचाच. ते त्याच दिवशी बदलावं लागलं. मग वांद्र्याच्या कबरस्तानांत पुरू नका म्हणून आजूबाजूचे लोक हायकोर्टात, २२ मे ला कोर्टाने ती याचिका फेटाळली, सन्मानाने दफन हा जगण्याच्या हक्काचाच भाग म्हणून. हे सगळं कागदावर चाललेलं तेव्हा खड्ड्यात कोण उतरत होतं? माझे मोठे काका त्याच मे महिन्यात गेले. आम्हाला वीस पावलं लांब थांबवलं. दोन पोरं, अंगात प्लास्टिकचे सूट, घामाने चष्मा धुरकट झालेला, त्यांनी उतरवलं. आपल्या माणसाला तीन मुठी माती द्यायची असते, ती पण आम्हाला देता आली नाही. एका पोराने वळून ओरडून विचारलं, यांचं नाव काय, आणि नाव घेऊन आमच्या वतीने त्याने दिली. त्याने मागितले असते तर मी घर विकून दिले असते. मागितले नाहीत.

वसईकर
मूळ प्रश्न वेगळाच आहे, जागेचा. तुम्ही लोक वर सिमेंटचे ओटे आणि ग्रॅनाइट लावून बसता, मग नवीन मयताला दोन ओट्यांच्या फटीत खणावं लागतं, पहार फिरवायला जागा नाही, खड्डेवाला जास्त मागणारच. आमच्या सिमेट्रीत कबर कायमची कुणाचीच नसते. काही वर्षांनी तीच परत उघडतात, हाडं गोळा करून सामाईक जागी ठेवतात. आजोबांना ठेवायचं होतं तेव्हा आजीची कबर उघडली, खणणाऱ्या माणसाने टिकाव बाजूला ठेवला आणि शेवटचं वीतभर हातांनी काढलं. मातीतून रोझरीचे सात-आठ मणी निघाले, ते धुऊन वडिलांच्या हातात दिले. २ नोव्हेंबरला आम्ही मेणबत्त्या लावायला जातो तेव्हा वडील अजून ते मणी खिशात घेऊन येतात.

रोखठोक_सांगलीकर
माझ्या काकांवर पण ओटा बांधलाय, साडेतीन बाय साडेतीन, चाळीस हजार खर्च आला. काकू रोज सकाळी जाऊन फूल ठेवते. ती कशावर ठेवेल, उघड्या मातीवर? उद्या कोणीतरी टिकाव घेऊन काकांची हाडं काढणार, ही कल्पनाच मला सहन होत नाही. तुमची पद्धत तुमच्याजवळ ठेवा.

वसईकर
चाळीस हजार ग्रॅनाइटला आणि हजारासाठी इथे धागा? वा.

जंगमाचा_मुलगा
कल्याणीताई, जंगमांवर का घसरलात? माझे वडील आयुष्यभर पावसापाण्यात मातीला गेले, कित्येक घरांतून अकरा रुपये घेऊन परत आलेत. धोतर सगळेच देत नाहीत. आणि ओट्यांचं म्हणाल तर वसईकर बरोबर आहेत, आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे पुरायच्या जागेत, गरिबाला आता कुंपणाला लागून जागा मिळते, मोठ्या घरांनी पुढची सगळी ओट्यांनी अडवली.

रोखठोक_सांगलीकर
म्हणजे आम्ही मोठं घर झालो का आता? कर्ज काढून बांधलाय ओटा. बायकोची बोरमाळ गहाण आहे. काही माहीत नसताना बोलू नका!

भीमाकाठ
ओटे बास झाले. माझे पणजोबा मरणाची खबर घेऊन पाच-पाच गावं पायी जायचे, जाळायचं असेल तर लाकडं वाहायची, बदल्यात शिळी भाकर आणि मयतावरचं कापड. तुमच्या दुःखाचं सगळं ओझं आमच्या डोक्यावर आणि त्याला नाव होतं वतन. बाबासाहेबांनी १९२८ ला त्यावर विधेयक आणलं, पण वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आजही खणायला कोणाला बोलावता ते गावात जाऊन बघा. म्हणून मला हा “मामा” शब्द पण आवडत नाही. ताई, एक विचारतो. मामा म्हणता ना, त्या दिवशी त्यांना घरात पंक्तीला बसवलं का?

कल्याणी_उदगीर
नाही. डबा पाठवला होता, बांधावर बसून खाल्ला त्यांनी, पावसात. मी त्या दिवशी बघितलंही नाही त्याकडे. तुम्ही विचारल्यावर आत्ता डोळ्यासमोर आलं. जंगमांच्या मुलालाही सांगते, तुमच्या वडिलांना उद्देशून नव्हतं, पण दक्षिणा न बोलता आणि मजुरी बोलून, हे मी डोळ्यांनी बघितलंय ते मागे घेणार नाही.

भीमाकाठ
खरं बोललात, बरं वाटलं. पण डबा तो डबाच. मोजून मजुरी, ती पण कड ढासळली तर दवाखान्याच्या खर्चासकट, हे ग्रामपंचायतीने लेखी ठरवावं. कुणाच्या दारात कुणाला मागायला लागू नये.

रोखठोक_सांगलीकर
हे चालेल मला, दर फळ्यावर लिहा, मीच पहिला भरीन. काल बोललो ते रागात होतं. काकांनी मला कामाला लावलं, थापी हातात दिली, ते गेले त्या दिवशी मला कुणावर तरी ओरडायचंच होतं. तो माणूस समोर आला. लोण्याचा शब्द मागे घेतो. “नाहीतर बघा” तो म्हणालाच होता, ते पण लिहून ठेवा. ओटा काढणार नाही.