मदत हवी आहे: डर्वेंटच्या धरणांभोवतीचा गोल ट्रेक, शनिवारीच जायचंय

उनाडपाऊले
इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली हाउडन, डर्वेंट, लेडीबोवर ही तिन्ही धरणं आणि वरचं माळरान असा गोल ट्रेक हवाय. सुरू तिथेच संपला पाहिजे. मध्यम हवा, जीवघेणा नको. नेटवर प्रत्येकाचं वेगळंच, वाचून डोकं उठलंय. आणि पाण्यातून वर आलेला चर्चचा कळस कुठल्या बाजूने दिसतो? तो बघायचाच आहे. ज्यांनी स्वतः केलाय त्यांनीच लिहा, वेळ नाहीये.

घाटवाट
किती जण? वयं काय? गाडी आहे का? निघणार कुठून? 'मध्यम' म्हणजे तुमच्या हिशेबाने पर्वती की राजगड, एवढं तरी कळू द्या.

शेफील्डकर
सरळ फेअरहोम्सच्या कार पार्कला गाडी लावा. डर्वेंट धरणाच्या पायथ्याने पूर्व काठावर जा, लेडीबोवरच्या कडेने दक्षिणेला चालत बुडालेल्या डर्वेंट गावाची जागा ओलांडा, मग डावीकडे चढून डर्वेंट एजच्या धारेवर. तिथून उत्तरेला व्हील स्टोन्स, सॉल्ट सेलर, केक्स ऑफ ब्रेड असे वाऱ्याने कोरलेले एकेक खडक बघत बॅक टॉर (टॉर म्हणजे खडकाळ माथा, ५३८ मीटर). पुढे लॉस्ट लॅडच्या टेकडीवरून उतरून डर्वेंट जलाशय, काठाकाठाने परत गाडीशी. साधारण १६ किलोमीटर. धारेवर बऱ्याच ठिकाणी फरश्या टाकल्यात, पण फरशी सोडलीत की पीटचा (कुजक्या झाडपाल्याच्या मातीचा) काळा चिखल घोट्यापर्यंत. आत्ता ऑगस्टअखेर हेदरची झुडपं फुललीयेत, अख्खा डोंगर जांभळा असतो. याला तोड नाही.

निवांत_नाना
अहो शेफील्डकर, त्यांनी तिन्ही धरणं म्हटलंय. तुमच्या वाटेवर हाउडन लागतच नाही! त्यापेक्षा फेअरहोम्सहून डर्वेंट आणि हाउडनला खालूनच फेरी मारा. वर टोकाला स्लिपरी स्टोन्सचा दगडी पूल लागतो, तो मूळचा डर्वेंट गावातला. गाव बुडणार म्हणून दगड न् दगड सोडवून इथे आणून उभा केला. चढ जवळपास नाहीच, गुडघे शाबूत राहतात.

शेफील्डकर
नाना, ती फेरी सायकलवाल्यांची. त्यात माळरान कुठंय?

प्रवरेकाठी
एवढे पौंड खर्चून धरणंच बघायची तर भंडारदऱ्याला या की. विल्सन डॅम १९२६ चा, तोही दगडीच. वर रतनगड, खाली रंधा फॉल. आणि जेवायला पिठलं-भाकरी.

घाटवाट
काका, बाई इंग्लंडात आहेत. शनिवारी भंडारदरा कसा गाठणार?

उनाडपाऊले
गाडी नाही!! मँचेस्टरहून ट्रेनने येणार. मी, नवरा आणि सासरे. सासरे ६८ वर्षांचे आहेत, पण दर रविवारी सिंहगड चढतात, त्यामुळे त्यांची काळजी नको. काळजी नवऱ्याची आहे. कळसाचं कुणीच सांगितलं नाही.

इतिहासाचा_किडा
कळस विसरा. लेडीबोवरचं काम १९३५ ते १९४३, त्यात डर्वेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं गेली. चर्चचा मनोरा तेवढा ठेवला होता. लोक त्याच्याकडे पोहत जायला लागले, धोका नको म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. तुम्ही बघितलेला फोटो त्याआधीचा. पाणी फारच आटलं, जसं २०२२ च्या उन्हाळ्यात, तर घरांचे चौथरे दिसतात, बस.

बुलेटराजा
अरे पण मुख्य गोष्ट राहिलीच! दुसऱ्या महायुद्धात पाण्यावर उड्या मारत जाणारे बॉम्ब याच डर्वेंट धरणावर टाकून बघितले होते.

इतिहासाचा_किडा
बॉम्ब नव्हे हो. १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनने इथे पाण्यालगत विमानं चालवायचा सराव केला, कारण या धरणालाही जर्मनीतल्या म्यॉन धरणासारखे दोन बुरूज आहेत. बॉम्बच्या चाचण्या रिकल्व्हर वगैरे समुद्रकाठी झाल्या. धरणावर टाकले असते तर डर्बी-लेस्टरने प्यायचं काय?

पेठेतला
धरण फुटलं की काय होतं ते पुणेकरांना विचारा. १२ जुलै १९६१, पानशेत गेलं, पाठोपाठ खडकवासला. आमच्या वाड्यात...

घाटवाट
अवांतर थांबवा, वेगळा धागा काढा. @उनाडपाऊले, ट्रेनने येणार तर फेअरहोम्सचा नाद सोडा. बॅमफर्डला उतरा. तिथून तीन-साडेतीन किलोमीटर चाललात की लेडीबोवरची भिंत. कडेला पाणी गिळणारी दोन अजस्र गोल तोंडं आहेत, तलाव भरला की त्यातून पाणी खाली जातं, सासऱ्यांना नक्की दाखवा. लेडीबोवर इन या पबच्या मागून व्हिनस्टोन ली टॉरवर चढा, धारेने व्हील स्टोन्सपर्यंत जा, गावाच्या जागेकडे उतरा आणि काठाने परत. हाउडन आणि डर्वेंट धरण सुटतील, सुटू दे.

शेफील्डकर
बॅक टॉर न करता परत? मग गेलातच कशाला?

घाटवाट
त्यांना ट्रेन पकडायचीये, तुम्हाला नाही.

सावध_ताई
शनिवार बँक हॉलिडेच्या (सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या) वीकेंडचा आहे, हे कुणाच्या लक्षात आलंय का? ट्रेनला गर्दी असणार. धुकं आलं तर धारेवर दिशा कळत नाही, फोनला रेंज मिळेलच असं नाही, ओएसचा (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटिश सरकारी नकाशासंस्था) ओएल१ नकाशा कागदी घ्या. १२ ऑगस्टपासून ग्राउस पक्ष्यांची शिकार सुरू आहे, पाटी दिसली तर वाचा. हेदरमधून चालताना पँट मोज्यात खोचा, गोचीड असतात. आणि जलाशयात उतरायचं नाही, पाणी भर उन्हाळ्यातही गारठवतं.

उनाडपाऊले
घाटवाट यांचा मार्ग पक्का. सासरे म्हणतात पाणी गिळणारं तोंड आधी, बाकी सगळं नंतर. वाटेत चहा कुठे मिळेल?

निवांत_नाना
फेअरहोम्सला खिडकीवर मस्त मिळतो.

घाटवाट
नाना, त्या फेअरहोम्सला जातच नाहीयेत! थर्मास न्या.