मदत हवी आहे: न्यू जर्सीत घर घेतोय, बॅकयार्डखाली जुनी ऑइल टाकी निघाली

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून घाईत टाइप करतोय, सांभाळून घ्या.

मिडलसेक्स काउंटीत एक घर पसंत केलंय, १९५० च्या दशकातलं, शाळा चांगल्या, ट्रेन जवळ, बायकोला किचन आवडलं म्हणजे ठरल्यातच जमा होतं. ऑफर झाली, अटर्नी रिव्ह्यू (वकिलांनी करार तपासणं) उरकला आणि इन्स्पेक्टर बेसमेंटमध्ये उतरला तर भिंतीतून आत आलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या, कापून टोकं चेपलेल्या. घराचं हीटिंग तर गॅसवर आहे! तो म्हणाला या तेलाच्या लाइन्स, बाहेर टाकी असणार. मग झुडपात व्हेंट पाइप सापडला, आणि टँक स्वीपवाल्याच्या (जमिनीखालची टाकी शोधणाऱ्याच्या) मशीनला डेकला लागून लांबट लोखंडी काहीतरी लागलं, त्याच्या अंदाजाने ५५० गॅलनची टाकी.

विकणारे आजोबा म्हणतात नव्वदीत गॅस घेतला तेव्हाच ती रिकामी करून वाळू भरून रीतसर बंद केलीय. कागद एकही नाही, कंत्राटदार कोण तेही आठवत नाही. आमचा रियल्टर म्हणतो अशी घरं इथे ढिगाने आहेत, टेन्शन घेऊ नका (त्याचं कमिशन क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर झालं की, सुटतं, असो).

तर अशी वाळू भरून जागेवरच सोडलेली टाकी चालते का? घर घेतल्यावर काही निघालं तर कुणाच्या गळ्यात? होम इन्शुरन्स देतो का?

खमंग काकडी:
माझ्या मेव्हण्याचं गॅस स्टेशन आहे त्यामुळे थोडं माहीत आहे. ईपीएचे (फेडरल पर्यावरण खात्याचे) नियम १९८८ ला आले, जुन्या टाक्या २२ डिसेंबर १९९८ पर्यंत अपग्रेड करा, बदला नाहीतर बंद करा असं होतं. बंद करायच्या आधी ३० दिवस कळवायचं आणि माती तपासायचीच. आजोबांनी नव्वदीत बंद केली म्हणजे हे सगळं झालेलं असणार, बिनधास्त घ्या.

जुना एडिसनकर:
काकडी, ते पंपाच्या टाक्यांचं झालं हो. ज्या जागेत टाकी तिथेच जाळायचं हीटिंग ऑइल असेल तर फेडरल नियम लागूच होत नाहीत. न्यू जर्सीतही घरगुती टाकीचं डीईपीकडे (राज्याच्या पर्यावरण खात्याकडे) रजिस्ट्रेशन नसतं, त्यामुळे लोकांना वाटतं विचारणारं कुणी नाही. पण टाकी काढायला किंवा बुजवायला टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसचं परमिट लागतं, आणि गळती दिसली की डीईपीच्या हॉटलाइनला कळवायचंच, मग केस नंबर पडतो.

धागाकर्ते, आधी टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्राचा (सरकारी कागदपत्रं मागायच्या कायद्याखालचा) अर्ज टाका, त्या पत्त्यावरची सगळी टँक परमिट्स मागा, सात वर्किंग डेजमध्ये उत्तर द्यावं लागतं त्यांना.

वाळू भरून ठेवणं नियमात बसतं. पण परमिट क्लोज झालं म्हणजे टाकी साफ करून भरली एवढंच समजायचं, खालची माती कुणी तपासली असेलच असं नाही. या टाक्या नुसत्या लोखंडाच्या, तळाशी पाणी साठून आतून गंजतात, बाहेरून ओली माती खाते. वाळू पडायच्या आधी तेल झिरपलं असेल तर ते अजून तिथेच आहे. घर तुमच्या नावावर झालं की डीईपी तुम्हालाच विचारणार, त्यात टाकी आहे हे माहीत असून घेतलंत म्हणजे 'आम्हाला कल्पना नव्हती' ही पळवाटही गेली. इन्शुरन्सच्या नेहमीच्या पॉलिसीत प्रदूषण बहुतेक वगळलेलं असतं.

सरळ सांगतो, विकणाऱ्याच्या खर्चाने, क्लोजिंगच्या आधी, बाहेर काढून घ्या. नुसती काढायला काही हजार डॉलर, पण माती खराब निघाली तर आकडा कुठल्या कुठे जातो. काढतील त्या दिवशी स्वतः जा. ८११ ला (खणण्याआधी फोन करायचा नंबर) कळवून गॅस-विजेच्या लाइन्स मार्क झाल्यात ना बघा. टाकी वर आली की तिचं पोट घासायला लावा, भोकं तिथेच असतात, आणि खड्ड्याला डिझेलसारखा वास येतोय का बघा. इन्स्पेक्टर येऊन जाईपर्यंत खड्डा बुजवू देऊ नका.

ताकातली मिरची:
एस्क्रोत (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) पैसे ठेवून क्लोजिंग करू असं समोरचा अटर्नी म्हणेल, भुलू नका. खणल्याशिवाय किती ठेवायचे हे कोण ठरवणार? केस निघाली तर नो फर्दर अ‍ॅक्शन लेटर ('आता काही करायचं उरलं नाही' असं डीईपीचं पत्र) हातात यायला महिने लागतात, तोवर रेट लॉक (कर्जाचा ठरवून ठेवलेला व्याजदर) संपतो, तेवढं लेंडरशी आत्ताच बोलून घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, एडिसनकर तुम्हाला डबल. अपडेट असा की ओप्राचं उत्तर आलं, परमिट काढलं होतं पण फायनल इन्स्पेक्शनची नोंदच नाही, म्हणजे फाइल अजून उघडीच! आजोबांनाही हे माहीत नव्हतं असं दिसतंय, बिचारे गडबडले. आमच्या अटर्नीने लिहून पाठवलंय की टाकी काढा, मातीचे रिपोर्ट द्या, नाहीतर डिपॉझिट परत. रियल्टर दोन दिवस गप्प आहे.

आता नवीन भानगड, टाकीचं एक टोक डेकच्या खांबाखाली जातंय. डेक सोडवून काढतात की तेवढ्यासाठी पुन्हा वाळूच भरा म्हणतील? असं काम केलेला कुणी लायसन्स्ड टँकवाला माहीत असेल तर प्लीज व्यनि (खाजगी निरोप) करा.