मदत हवी आहे: नागद्वारीचा उतार आईला कसा झेपेल?

नमस्कार मंडळी,

वरूड तालुक्यातलं आमचं गाव. सगळं सपाट रान, संत्र्याच्या बागा, आणि डोंगर म्हणजे उत्तरेला दिसणारी सातपुड्याची निळी रेघ. यंदा नागपंचमीला आईला घेऊन मध्य प्रदेशातल्या पचमढीला, नागद्वारीच्या डोंगरातल्या यात्रेला जायचंय. बाबा होते तोवर दरसाल गावच्या मंडळासोबत जायचे. गुराढोरांपाशी कोणीतरी राहायला हवं म्हणून आई मागं राहायची, ती एकदाही गेली नाही. आता म्हणते, "मले यंदाच ने रे बाबू. पुढच्या साली पाय चालतीन का नाही, कोणाले माहीत."

वय ५८. दिवसभर निंदण करते, डोक्यावर भारा आणते, दम लागत नाही. बीपीची गोळी सुरू आहे, पण डॉक्टरांनी चालायला हरकत नाही सांगितलं. त्यामुळे चढाची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती उताराची.

मागच्या वर्षी मी गेलो होतो. वय ३४, शेतात राबणारा माणूस. जाताना "हर बोला हर हर महादेव" म्हणत सगळ्यांच्या पुढं होतो. परतीच्या उताराला तासाभरात मांड्या थरथरायला लागल्या. पाय टाकला की गुडघा आपोआप वाकायचा. वरून पाऊस, खाली शेवाळलेले दगड, मागून माणसांचा लोंढा, थांबायला जागा नाही. लोखंडी शिडीवर मी तोंड बाहेरच्या बाजूला करून उतरत होतो. ओल्या पायरीवरून टाच सटकली, खालच्या माणसानं धरलं म्हणून वाचलो. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, आणि तिसऱ्या दिवशीसुद्धा खाटेवरून उठताना भिंत धरावी लागत होती.

आईच्या बाबतीत हे व्हायला नको. ती वाट व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस उघडते. म्हणजे आधी जाऊन सराव करून येऊ, असंही नाही. हाताशी अडीच महिने आहेत, त्यातले पेरणीचे दिवस वजा. सपाट गावात उताराचा सराव करायचा कसा? आणि पायात काय घालावं? आईनं जन्मात बूट घातलेला नाही.

प्रतिसाद (परतवाड्याहून):

दादा, तुम्ही नेमकं ओळखलंत. चढताना दम लागतो, पण थांबलं की तो ओसरतो. उतरताना मांडीचा स्नायू अंगाचा भार झेलत ताणला जातो, त्यानं तो आतून दुखावतो आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. शेतातल्या कामात वाकणं-उचलणं असतं, असं सलग उतरणं नसतं. म्हणून राबणाऱ्या माणसालाही उतार जड जातो.

पण एक चांगली गोष्ट आहे. एकदा बेतानं उतरून पाय दुखले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढे दुखत नाहीत. तेव्हा आतापासून शाळेच्या नाहीतर देवळाच्या पायऱ्या घ्या, एक दिवसाआड, सकाळी ऊन चढायच्या आत. चढा कसेही, उतरताना मात्र सावकाश, गुडघा किंचित वाकवून, पाऊल लहान. मग महिन्याभरानं सालबर्डीच्या डोंगरावर न्या, तुम्हाला ते जवळ आहे. इकडं आलात तर मुक्तागिरीच्या पायऱ्या आहेत. सरावासाठी गाविलगड किल्ला धरू नका, चिखलदऱ्याकडून गाडीच वरपर्यंत जाते, चढ-उतार फार मिळत नाही. शेवटचा मोठा सराव जायच्या दोन आठवडे आधी, आणि अखेरच्या चार-पाच दिवसांत पायांना आराम.

बांबूची काठी हवीच, छातीपर्यंत उंच. उतरताना आधी काठी खाली टेकवायची, मग पाऊल. शिडीवर तोंड कायम शिडीकडे. दोन हात, दोन पाय, यातले तीन टेकलेलेच हवेत, एका वेळी एकच हलवायचा. काठी तेवढा वेळ तुम्ही धरा आणि तुम्ही खालच्या बाजूला राहा.

आईला नवे बूट नकोत. मागं पट्टा असलेली, रबरी खाचांच्या तळाची सँडल आताच घ्या आणि सरावात तीच वापरा. नखं तीन-चार दिवस आधी कापा. तुमची काळी पडली ती बूट सैल होता म्हणून, बोटं पुढं आदळत राहिली. नाडी घोट्यापाशी घट्ट हवी.

धागाकर्ता:

खूप आभार. बूट खरंच एक नंबर मोठा घेतला होता, मोजे जाड म्हणून. आज पहाटे आईला शाळेच्या पायऱ्यांवर नेलं, पाचदा चढली-उतरली. चौथ्या वेळी काठी बाजूला ठेवून कठडा धरायला लागली, तेव्हा तिथंच थांबायला हवं होतं, ते उद्यापासून पाळतो. आता एकच राहिलं, ते बायांनीच सांगावं: आई साडीच नेसणार. ओली साडी शिडीवर पायात येऊ नये म्हणून तुम्ही ती कशी खोचता? आतून लेगिंग घालून साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली तर चालतं का?